जुनी गाडी आणि आठवीतला घसारा

आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याजाच्या धड्यात घसारा येतो. यंत्राची किंमत दरवर्षी इतक्या टक्क्यांनी घटते, तर तीन वर्षांनी किती राहील? मुलं पाच मिनिटांत उत्तर काढतात. आपण वहीवर बरोबरची खूण करतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत शोरूममध्ये जाऊन सात वर्षांच्या कर्जावर नवीकोरी गाडी बुक करून येतो. पेढे वाटतो, बोनेटवर स्वस्तिक काढतो. घसारा फळ्यावरच राहतो.

माझं मत सरळ सांगते. शिक्षकाने, आणि पगारावर घर चालवणाऱ्या कुठल्याही पालकाने, पहिली गाडी नवी घेऊ नये. चार-पाच वर्षं वापरलेली, कागद चोख असलेली घ्यावी. अर्थात 'जुनी घेतली म्हणजे पैसे वाचले' हेही खरं नाही. घेताना वाचलेले लाखभर रुपये आरटीओच्या कागदात आणि गॅरेजच्या बिलात घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे दोन्ही बाजू मांडते.

हा प्रश्न आपल्या लोकांना नेमका कधी पडतो बघा. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढायची. २०२३ मध्ये हे मानधन वाढून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. त्याआधी प्राथमिकला ते ६,००० होतं. तीन वर्षं हात आखडून काढल्यावर एक दिवस पूर्ण वेतनश्रेणी लागते, आणि दुसऱ्याच महिन्यात कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू होतात. शाळा घरापासून तीस-चाळीस किलोमीटर, एसटीची वेळ परिपाठाशी जुळत नाही, पावसाळ्यात दुचाकीवर जीव मुठीत. गाडी ही चैन नाही, गरज आहे, हे मला पूर्ण मान्य. 'नवीच हवी' ही मात्र गरज नाही. ती बऱ्याचदा लग्नाच्या बोलणीतून किंवा स्टाफरूममधल्या तुलनेतून आलेली असते.

आता हिशोब. समजा गाडीची शोरूम किंमत ८ लाख. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ८८,००० रुपये. विमा कंपन्या गाडीची विमाकिंमत ज्या तक्त्याने धरतात तो असा: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षभरात १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. बाजारभाव अगदी या तक्त्याप्रमाणे चालत नाही. खपाच्या छोट्या गाड्या किंमत धरून ठेवतात, मोठ्या सेडान आपटतात. पण अंदाजाला तक्ता पुरेसा आहे. पहिला मालक पाच वर्षांत ४ लाख घसारा आणि ८८ हजार कर सोसतो, वर्षाला जवळपास ९८ हजार. दुसऱ्याने तीच गाडी ४ लाखांना घेतली, पाच वर्षं चालवली आणि अगदी दीड लाखाला विकली तरी त्याचा घसारा अडीच लाख, वर्षाला पन्नास हजार. जुनी म्हणून दुरुस्तीला वर्षाला वीस हजार जास्त धरले तरी तो पुढेच आहे.

यात व्याज अजून धरलेलंच नाही. सात लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ११,२६० येतो आणि एकूण व्याज जातं जवळजवळ २ लाख ४६ हजार. जुन्या गाडीला व्याजदर जास्त असतो हे खरं, पण रक्कम आणि मुदत दोन्ही कमी. तीन लाख, १२ टक्के, तीन वर्षं: व्याज ५९ हजारांच्या आत.

इथे एक सापळा आहे आणि गणिताचे शिक्षकसुद्धा त्यात सापडतात. 'सर, फक्त आठ टक्के' असं कोणी म्हणालं की विचारायचं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? तीन लाखांवर ८ टक्के फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण तीन लाखांवर व्याज. ७२,००० रुपये झाले. दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र जुन्याच रकमेवर. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे बारा टक्केवालाच स्वस्त! शिक्षक पतसंस्थेचं कर्ज असेल तरी हाच प्रश्न विचारा, आपले लोक म्हणून गप्प बसू नका.

भाव करताना आणखी एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली यायला हवा. पण विकणारा अजून आपल्या जुन्या खरेदीची पावती दाखवत असतो. 'मी साडेआठला घेतली होती' याला काही अर्थ नाही. आज नवी कितीला मिळते तिथून मोजायचं.

किती जुनी घ्यावी? इथे मी पैशापेक्षा जिवाचा विचार आधी करते. नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची एअरबॅग चालू मॉडेल्सना २०२१ च्या अखेरीस बंधनकारक झाली. त्याआधीच्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये या गोष्टी असतीलच असं नाही. 'दोन लाखांत मिळतेय, २०१४ ची आहे' म्हणून मुलाबाळांना घेऊन हायवेला निघायचं, हे मला पटत नाही. तिथे दोन लाख वाचत नाहीत. २०२२ ची मिळाली तर उत्तम, निदान २०१९ च्या मधल्यानंतरची तरी हवी, आणि एअरबॅग किती आहेत ते स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर स्वतः वाचून घ्या.

डिझेलचा मोह टाळा. शाळा पाच-सात किलोमीटरवर असेल तर डिझेल गाडी घेऊच नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती गरम होऊन स्वतःची काजळी जाळते, पण त्यासाठी गाडी बराच वेळ सलग, वेगाने पळावी लागते. घर-शाळा-भाजी मंडई एवढ्याच फेऱ्या असतील तर गाळणी तुंबते आणि तिचा खर्च ऐकून घाम फुटतो.

आता गाडी बघायला जाण्याबद्दल. सकाळी लवकर जा आणि 'मी येईपर्यंत चालू करू नका' असं आधी सांगून ठेवा. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं की इंजिन आपल्यासाठी तयार करून ठेवलंय. थंड इंजिन चालू करताना खरं बोलतं. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढराधोप आणि सतत येत राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ, साईसारखं काही चिकटलेलं असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र झालंय. पुढे काही बघू नका, चहा घ्या आणि निघा.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवणं कठीण नसतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आता विचार करा. गाडी २०१९ ची, मीटर सांगतोय २६ हजार, आणि चारही टायर २०२३ चे. मूळ टायर साधारण चाळीस हजार तरी चालतात. मग ते इतक्या लवकर का बदलले? दगडांवर फाटले असतील, नाही असं नाही. पण प्रश्न विचारायला हवा. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर किती झिजलंय, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय, चालकाच्या सीटची कड किती दबलीय, हे सगळे साक्षीदार आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी निघतात. मालकालाच त्या काढून द्यायला सांगा. टाळाटाळ करतोय? मग उत्तर मिळालं.

आपल्याकडे पुरात बुडालेल्या गाड्यांचा विषय फार मोठा आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधले कोल्हापूर-सांगली, २२ जुलै २०२१ चं चिपळूण. दरवेळी पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्याच असणार, आणि पूर आला तिथेच विकल्या गेल्या असतील असं थोडंच आहे? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. कोणी धुवायला विसरतं ती जागा ती. चिखलाची रेघ तिथे सापडते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघा, डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा बघा, काचा बंद करून आत बसा आणि वास घ्या. फार सुगंधी गाडी असेल तर जास्तच सावध.

दिल्लीच्या गाड्याही तशाच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून बंधनं आली, कधी कडक झाली कधी सैल. त्यामुळे वय होत आलेल्या गाड्या तिथून स्वस्तात निघतात. गाडी वाईट असेलच असं नाही. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र म्हणजे फॉर्म २८, इथे पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा कर पुन्हा भरणं, हे सगळं धरलं की स्वस्ताई अर्धी होते. विकणारा म्हणतो, 'चालवा हो दिल्ली पासिंगवर, कोण विचारतंय.' विचारतात. नाक्यावर विचारतात आणि अपघात झाला की विमा कंपनी विचारते.

एवढं सगळं बघूनही शेवटी आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. पाचशे-हजार रुपये. 'अरे जरा बघून दे ना' म्हणून चहावर भागवू नका. पैसे घेतलेला माणूस गाडीखाली शिरतो, चहा घेतलेला बोनेट उघडून 'चांगली आहे' म्हणतो. दारांची रबरं सोलून आतले वेल्डचे ठिपके बघणं, बोनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा शोधणं, स्कॅनर लावून इंजिनातल्या जुन्या चुका वाचणं ही त्याची कामं.

आणि कागद. सगळ्यात जास्त आळस आपण इथे करतो, तेही रोज हजेरीपत्रक आणि जनरल रजिस्टर जपणारे लोक असून. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं नंबर टाकून ऑनलाइन दिसतात; ती आधीच्या मालकाने भरायची. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

हे लिहायचं कारण सांगते. आमच्या भागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी गाडी विकली, एजंटाने पुढे केलेल्या कोऱ्या २९-३० वर सह्या केल्या आणि विसरून गेले. गाडी दोन हात पुढे गेली, नाव सरांचंच राहिलं. दीड वर्षाने एका अपघाताच्या खटल्याची नोटीस सरांच्या घरी आली. जखमी माणूस दवाखान्यात, गाडीचा विमा संपलेला, आणि सर म्हणतात, 'मी तर ती गाडी विकली!' कायदा असं ऐकत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी एकामागोमाग कितीही हातांत गेली असो, नोंदणीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. पेन्शनीतून ती भरपाई देण्याची वेळ येणं म्हणजे काय हे आपण समजू शकतो.

१ एप्रिल २०२३ पासून यावर एक उपाय आला आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकृतपत्र घ्यायचं असतं, आणि आपण त्याच्या ताब्यात गाडी देताना फॉर्म २९ सी भरून ती नोंद पोर्टलवर करायची. तेव्हापासून गाडीची जबाबदारी विक्रेत्याकडे जाते. तेव्हा दुकानदाराला पहिलं विचारायचं ते अधिकृतपत्राचं, भाव नंतर.

विम्याचंही तसंच. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर तिसऱ्या व्यक्तीची भरपाई निघेल पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकेल. 'पॉलिसीवर पन्नास टक्के बोनस आहे' असं विकणारा सांगेल. तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. त्याने दावा केला नाही म्हणून त्याला मिळालेला. तो आपल्या पुढच्या गाडीला तो घेऊन जातो आणि आपण शून्यापासून सुरू करतो. हे भावात धरून चला.

राहिली देखभाल. माझा अनुभव असा की गॅरेजमध्ये बाई एकटी गेली की बिल थोडं फुगतं. 'मॅडम, इंजिन फ्लश करून घ्या, डिकार्बनायझिंग करून घ्या, खालून कोटिंग मारून घ्या.' यावर माझा उपाय सोपा आहे. गाडीसोबत कंपनीचं पुस्तक येतं, त्यात कोणत्या किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता असतो. पुस्तक नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. मी तक्त्याची झेरॉक्स घेऊन जाते आणि म्हणते, 'यात आहे तेवढं करा.' बऱ्याच गाड्यांना इंजिन ऑइल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल त्याला. गाडी कमी चालते म्हणून ऑइल दोन वर्षं ठेवणं ही बचत नाही. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं, ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात पॅडल मऊ पडतं. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर जुनी गाडी घेतल्या घेतल्या तो कधी बदलला ते विचारा. पुरावा नसेल तर बदलून टाका. तो तुटला तर इंजिनच उघडावं लागतं.

सुट्या भागांत खरी बचत आहे. गाडीच्या कंपन्या प्लग, फिल्टर, शॉकअप, बॅटरी स्वतः क्वचितच बनवतात. ज्यांच्याकडून घेतात ते कारखाने तसेच भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यात विकतात, बहुतेक वेळा कमी किमतीत. पुण्यात नाना पेठेत किंवा आपल्या तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नंबर सांगून दोन्ही खोक्यांच्या किमती विचारा आणि पक्कं बिल घ्या. अगदी स्वस्त, नाव नसलेलं खोकं मात्र नको, ब्रेकसाठी तर अजिबात नको. वॉरंटीतली गाडी असेल तर अधिकृत सेंटर सोडू नका. संपली की चांगल्या स्थानिक मेकॅनिकला धरा आणि त्याला बदलत राहू नका. आणि महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोऱ्याला विचारायची गरज नाही.

आपल्या पेशाची एक खास अडचण म्हणजे मे महिना. गाडी घरापुढे उभी, आपण गावी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. आणि उंदीर! बोनेटच्या आत घरटं करून वायरी कुरतडलेल्या गाड्या जूनमध्ये दोरी लावून गॅरेजला येतात. निघण्याआधी गाडीतला खाऊचा चुरा झाडून काढा, आणि शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघायला सांगा. मिरचीपूड, डांबरगोळ्या वगैरेवर माझा फार विश्वास नाही, उघडझाप झाली की उंदीर टिकत नाही एवढं पाहिलंय.

जुनी गाडी नकोच असेही प्रसंग आहेत. रोजचं येणंजाणं शंभर किलोमीटरच्या वर, वाटेत गॅरेज नाही, मोबाइलला रेंज नाही, अशा ठिकाणी बदली झालेल्या शिक्षिकेने नवी, वॉरंटीतली गाडी घेतली तर मी तिला अजिबात उधळी म्हणणार नाही.

आणि पाच वर्षांनी आपली गाडी विकायची वेळ येईल तेव्हा ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, दुपारी चार वाजून दहा मिनिटं अशी. मीटरचा आकडा लिहा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा, किल्ली देतानाचा फोटो काढा. पहिलं चलन त्याच संध्याकाळी येऊ शकतं. महिन्याभराने परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा, मालकाच्या जागी अजून आपलंच नाव दिसत असेल तर फोन करून थांबू नका, कागद घेऊन आरटीओत जा.